अभियांत्रिकी महाविद्यालयाची निवड : खर्च, ठिकाण आणि नावलौकिक यांचा हिशेब कसा मांडावा

एमएचटी-सीईटीचा निकाल लागल्यापासून पसंतीक्रम भरण्याच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा काळ कागदावर पुरेसा दिसतो. प्रत्यक्षात त्यातला बराचसा वेळ तहसील कार्यालयातून दाखले काढण्यात आणि नातेवाइकांचे सल्ले ऐकण्यात जातो, आणि चार वर्षांचा, काही लाखांचा निर्णय शेवटच्या दोन रात्रींत घेतला जातो. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी अभियांत्रिकीला जात आहे, त्या घरातील विद्यार्थ्यासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी हा लेख आहे.

खर्च, ठिकाण आणि नावलौकिक या तीन गोष्टींची तुलना बहुतेक जण एकाच वेळी, एकाच पातळीवर करू पाहतात आणि त्यामुळेच गोंधळतात. माझे मत असे आहे की या तिन्हींचा विचार क्रमाने झाला पाहिजे. आधी खर्च, कारण तो मर्यादा ठरवतो. त्या मर्यादेत बसणाऱ्या महाविद्यालयांमध्ये मग नावलौकिक, पण संपूर्ण महाविद्यालयाचा नव्हे, तर आपल्याला मिळू शकणाऱ्या शाखेचा. आणि शेवटी ठिकाण, जे खर्चातही मोजले जाते आणि शिकण्याच्या संधींतही.

पहिली पायरी : प्रवेशाचे मार्ग वेगळे करणे

महाराष्ट्रात प्रवेशाचे मुख्य मार्ग तीन आहेत. मुंबईची आयआयटी किंवा नागपूरची व्हीएनआयटी यांसारख्या केंद्रीय संस्थांचे प्रवेश जेईईच्या गुणांवर ‘जोसा’च्या, म्हणजे केंद्रीय संस्थांच्या संयुक्त जागावाटपाच्या, फेऱ्यांतून होतात. शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांचे बहुतेक प्रवेश सीईटीच्या पर्सेंटाइलवर (म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी किती टक्के विद्यार्थ्यांचे गुण आपल्याइतके किंवा कमी आहेत यावर), राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘कॅप’मधून होतात, पुण्याचे सीओईपी आणि माटुंग्याचे व्हीजेटीआय हेही त्यातच येतात. तिसरा मार्ग खासगी आणि अभिमत विद्यापीठांचा. त्यांचे वेळापत्रक स्वतंत्र असते, आणि पुष्कळदा कॅप सुरू होण्याआधीच जागा राखून ठेवण्यासाठी पैसे भरण्याचा आग्रह तिथून होतो. गोव्यातील विद्यार्थ्यांची प्रक्रिया तिथल्या तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत वेगळी चालते. सीमाभागातील वादग्रस्त गावांतून उत्तीर्ण झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मात्र महाराष्ट्राच्या प्रक्रियेत पात्रतेचा स्वतंत्र प्रकार आहे, हे बेळगाव-निपाणीकडच्या पालकांनी ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या मार्गाबद्दल एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे. शिक्षण शुल्कात सवलत देणाऱ्या राज्य शासनाच्या मुख्य योजना खासगी आणि अभिमत विद्यापीठांतील प्रवेशांना लागू होत नाहीत. काही जुनी, नावाजलेली महाविद्यालये गेल्या काही वर्षांत स्वतःच विद्यापीठ झाली आहेत किंवा नव्या विद्यापीठात समाविष्ट झाली आहेत, विद्याविहारचे के. जे. सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालय २०१९ पासून सोमय्या विद्याविहार विद्यापीठाचा भाग आहे. त्यामुळे ‘आमच्या मुलाला तिथे निम्मी फी माफ झाली होती’ हे शेजाऱ्यांचे सांगणे त्यांच्या वेळेपुरते खरे असले, तरी यंदा ती संस्था कोणत्या प्रकारात मोडते हे स्वतः पाहावे लागते.

विनाअनुदानित महाविद्यालयांत संस्था स्तरावरील म्हणून राखलेल्या जागाही असतात, ज्यांना सगळे ‘मॅनेजमेंट कोटा’ म्हणतात. या जागांवर कॅपमधील शुल्क सवलती मिळत नाहीत, म्हणजे तेच महाविद्यालय, तोच वर्ग आणि तेच शिक्षक असूनही घराचा खर्च कितीतरी वाढतो. ठरलेल्या शुल्काच्या वर देणगी मागणे हे महाराष्ट्रात १९८७ च्या कॅपिटेशन शुल्क प्रतिबंधक कायद्याने बेकायदेशीर आहे. ‘जागा करून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला एक रुपयाही देऊ नये. कॅपमधील जागा गुणवत्ता क्रमांकाने मिळते आणि ती मिळवून देणे कोणाच्याही हातात नसते.

दुसरी पायरी : चार वर्षांचा खर्च, सवलत वजा करून

माहितीपत्रकातले शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. पूर्ण हिशेबासाठी कोऱ्या कागदावर प्रत्येक महाविद्यालयासाठी एक रकाना आखावा आणि त्यात वार्षिक शुल्क, त्यातून मिळणारी सवलत, राहणे, जेवण, प्रवास आणि किरकोळ खर्च या सर्व रकमा लिहाव्यात.

विनाअनुदानित खासगी महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. प्रत्येक महाविद्यालयाचे मंजूर शुल्क प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि ते तिथेच पाहावे. या शुल्काचे दोन मुख्य घटक असतात : शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क. हा भेद बारीक वाटला तरी सगळा हिशेब त्यावरच फिरतो, कारण सवलत शिक्षण शुल्कावर मिळते. विकास शुल्क बहुतेक योजनांत विद्यार्थ्यालाच भरावे लागते. वसतिगृह, खानावळ आणि महाविद्यालयाची बस हे यात धरलेले नसते.

सवलतीच्या योजनांपैकी ज्या सर्वांत जास्त कुटुंबांना लागू पडतात त्या अशा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. इतर मागासवर्गीय मुलांनाही निम्मी, तर विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांना पूर्ण शिक्षण शुल्काची सवलत आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि उत्पन्नाची मर्यादा ओलांडणाऱ्यांसाठी फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क संपूर्ण माफ झाले. या सर्वांचे अर्ज महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर भरायचे असतात आणि कॅपमधून झालेला प्रवेश ही त्यांची अट असते.

याशिवाय टीएफडब्ल्यूएस, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या अतिरिक्त जागा, प्रत्येक शाखेत मंजूर संख्येच्या ५ टक्के असतात. त्यांनाही ८ लाखांची उत्पन्न मर्यादा आहे, मात्र जागा मोजक्या असल्याने त्यांचा कटऑफ, म्हणजे जागा मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचे पर्सेंटाइल, त्याच शाखेच्या नेहमीच्या जागांपेक्षा वर जातो. पसंतीक्रमात त्यांचा सांकेतिक क्रमांक वेगळा असतो. शेवटी ‘टी’ हे अक्षर पाहून तो ओळखावा आणि नेहमीच्या जागेच्या आधी स्वतंत्रपणे भरावा.

आता एक काल्पनिक हिशेब मांडतो. समजा, पंढरपूरजवळच्या एका गावातील मुलासमोर दोन पर्याय आहेत. पुण्यातील खासगी महाविद्यालयाचे वार्षिक शुल्क १,५०,००० रुपये आहे, त्यात शिक्षण शुल्क १,३५,००० आणि विकास शुल्क १५,०००. शाहू महाराज योजनेतून ६७,५०० मिळाले, तर त्याने भरायचे ८२,५०० उरतात. त्यावर खोलीचे भाडे वर्षाला ७८,०००, खानावळीचे दहा महिन्यांचे ३५,०००, गावी जाण्यायेण्याचे १२,००० आणि पुस्तके, सबमिशन, इंटरनेट असे किरकोळ २०,००० धरले, तर वर्षाचे २,२७,५०० आणि चार वर्षांचे ९,१०,००० रुपये होतात. जिल्ह्यातील महाविद्यालयाचे शुल्क ९०,००० असून त्यातले ८१,००० शिक्षण शुल्क असेल, तर सवलतीनंतर ४९,५०० उरतात; घरून एसटीने जाण्यायेण्याचे १५,००० आणि किरकोळ १५,००० धरून वर्षाचे ७९,५००, म्हणजे चार वर्षांचे ३,१८,०००. दोन्हींतील अंतर ५,९२,००० रुपयांचे आहे, आणि शुल्काच्या पत्रकांत मात्र ते वर्षाला ६०,००० चेच दिसत होते.

हाच हिशेब पूर्ण शुल्कमाफीस पात्र असलेल्या मुलीसाठी केला, तर चित्र पालटते. पुण्यात तिला विकास शुल्काचे १५,००० आणि जिल्ह्यात ९,००० भरावे लागतील. दोन्ही महाविद्यालयांतील शुल्काचा फरक वर्षाला केवळ ६,००० उरतो. तिच्या बाबतीत प्रश्न शुल्काचा राहिलाच नाही, तो राहण्याजेवणाचा झाला. त्यामुळे ज्या चांगल्या महाविद्यालयात मुलींचे स्वतःचे वसतिगृह आहे आणि तिथे पहिल्या वर्षाला जागा मिळण्याची खात्री आहे, ते महाविद्यालय शुल्क जास्त असूनही तिच्यासाठी परवडणारे ठरू शकते. ‘मुलीला लांब कशाला, फी जास्त आहे’ असे म्हणून जी घरे हा विचार आधीच सोडून देतात, त्यांनी हा कागद एकदा खरोखर मांडून पाहावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

राहण्याच्या खर्चासाठीही योजना आहेत. डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना उपयोगी पडते, तर शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मात्र हे पैसे वर्षाच्या सुरुवातीला हातात येतील असे गृहीत धरू नये. पहिल्या सत्राची खोलीची अनामत, भाडे आणि खानावळ घरच्या पैशांतून भागवण्याची तजवीज असावी. प्रवेशाच्या दिवशी प्रत्यक्ष किती रक्कम भरायची, शिष्यवृत्तीचा भाग आधी मागतात का, आणि पुढील तीन वर्षांत शुल्क बदलेल का, हे तीन प्रश्न महाविद्यालयाच्या कार्यालयाला लेखी विचारावेत.

कर्ज घ्यायचे असेल, तर २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना पाहावी. तिच्या यादीतील संस्थांमध्ये प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, इतर शासकीय शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत न घेणाऱ्या कुटुंबांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणाच्या काळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. आपले महाविद्यालय यादीत आहे का, हे पसंतीक्रम भरण्याआधी पाहणे चांगले.

तिसरी पायरी : कटऑफची यादी वाचायला शिकणे

गेल्या वर्षीचे कटऑफ सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फेरीनिहाय मिळतात. त्या याद्या पहिल्यांदा पाहणारा जीओपेनएच, एलओबीसीएस असल्या अक्षरांनी बावरतो, पण त्यांचा अर्थ सोपा आहे. पहिले अक्षर ‘जी’ असेल तर सर्वसाधारण जागा, ‘एल’ असेल तर मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. आणि शेवटचे अक्षर ‘एच’ म्हणजे गृह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी, ‘ओ’ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरच्यांसाठी, ‘एस’ म्हणजे राज्य स्तरावरील जागा. आपले गृह विद्यापीठ आपण बारावी जिथून उत्तीर्ण झालो त्यावर ठरते, आपल्या गावावर नाही. कोल्हापूरच्या मुलाने अकरावी-बारावी लातूरला केली असेल, तर त्याचे गृह विद्यापीठ नांदेडचे होते, आणि कोल्हापूरच्या महाविद्यालयांत त्याने ‘ओ’ची ओळ पाहायची असते. चुकीची ओळ वाचून आशा किंवा निराशा बाळगणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात.

प्रत्येक चौकटीत दोन आकडे असतात : वर गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. बहुतेक जण पर्सेंटाइलशी तुलना करतात. मी गुणवत्ता क्रमांकाकडे जास्त लक्ष द्यायला सांगेन, कारण परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या वर्षागणिक बदलते आणि त्याच पर्सेंटाइलला यंदा तुमच्या पुढे किती विद्यार्थी आहेत हे क्रमांकच सांगतो.

मागच्या वर्षाचा कटऑफ हा अंदाज असतो, आणि अलीकडे तो अंदाज ढळण्याचे एक मोठे कारण आहे. एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, २०२४-२५ पासून चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका शाखेतील प्रवेशसंख्येची कमाल मर्यादा काढून टाकली, आणि अनेक महाविद्यालयांनी संगणक व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जागा वाढवल्या. जागा वाढल्या की कटऑफ उतरतो आणि पूर्वी आवाक्याबाहेर वाटणारे महाविद्यालय हाती लागते. पण त्याच प्रयोगशाळा, तेच ग्रंथालय आणि प्लेसमेंटला येणाऱ्या त्याच कंपन्या आता किती विद्यार्थ्यांत वाटल्या जाणार, हा प्रश्नही तिथेच उभा राहतो. म्हणून प्रत्येक शाखेपुढे यंदाची मंजूर प्रवेशसंख्या आणि तीन वर्षांपूर्वीची संख्या दोन्ही लिहाव्यात.

चौथी पायरी : नावलौकिकाची शहानिशा

जुन्या संस्थांचे नाव उगाच झालेले नाही. सीओईपीची सुरुवात १८५४ ची, व्हीजेटीआयची १८८७ ची. सांगलीचे वालचंद १९४७ चे, कराडचे शासकीय महाविद्यालय १९६० चे. या संस्थांतून बाहेर पडलेले अभियंते देशभरातील कारखान्यांत, शासकीय खात्यांत आणि विद्यापीठांत आहेत, आणि त्यांचा उपयोग विद्यार्थ्याला इंटर्नशिप मिळवताना, उच्च शिक्षणासाठी शिफारसपत्र घेताना खरोखर होतो. अशा संस्थेत आपल्या आवडीची शाखा मिळत असेल आणि खर्च झेपत असेल, तर फार खल करण्याची गरज नाही. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांचे शुल्कही बरेच कमी असते, हा आणखी एक लाभ.

अडचण येते ती मधल्या फळीतील महाविद्यालयांची तुलना करताना. तिथे नावलौकिक म्हणजे पुष्कळदा महामार्गावरचा फलक, वर्तमानपत्रातील पानभर जाहिरात आणि एका विद्यार्थ्याला मिळालेले मोठे पॅकेज. त्यामागे काय आहे हे तपासण्याची साधने उपलब्ध आहेत; ती वापरली जात नाहीत एवढेच.

नॅक या राष्ट्रीय मूल्यांकन परिषदेचे मूल्यांकन संपूर्ण संस्थेचे असते. एनबीए या राष्ट्रीय मानांकन मंडळाचे मानांकन मात्र एकेका शाखेचे असते आणि ठरावीक मुदतीचे असते. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर ‘एनबीए मानांकित’ असे छापलेले असले, तरी ते मानांकन यांत्रिकी आणि स्थापत्य शाखांना असून तुम्ही घेणार त्या नव्या शाखेला नसू शकते. एनबीएच्या संकेतस्थळावर शाखा आणि मुदतीची तारीख पाहावी.

एनआयआरएफ ही केंद्र सरकारची शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून प्रसिद्ध होते. पहिल्या शंभरांतील स्थान महत्त्वाचे असतेच, पण क्रमवारीपेक्षा उपयोगी आहे ती त्यासाठी महाविद्यालयाने सादर केलेली माहिती, जी महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात पदवीच्या किती विद्यार्थ्यांना प्रवेश दिला, किती ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती नोकरीला लागले, किती उच्च शिक्षणाला गेले आणि नोकरी लागलेल्यांच्या पगाराचा मध्य किती, हे वर्षनिहाय दिलेले असते. पगाराचा मध्य म्हणजे सर्व पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. निम्म्या मुलांना त्यापेक्षा कमी पगार असतो आणि निम्म्यांना जास्त. एका मुलाला ४० लाख मिळाल्याने हा आकडा हलत नाही, म्हणून तोच पाहावा. ‘सर्वोच्च पॅकेज’ सांगणाऱ्या महाविद्यालयाला ‘मध्य किती आणि एकूण किती जणांपैकी किती जणांना’ असे विचारले की उत्तर देणारा किती मोकळेपणाने बोलतो, यावरूनही बरेच कळते. शंभर टक्के प्लेसमेंट असे ऐकले, तर ते शंभर टक्के ‘पात्र’ विद्यार्थ्यांचे आहे का, आणि ६० टक्के गुण, एकही बॅकलॉग (मागे राहिलेला अनुत्तीर्ण विषय) नाही अशा अटींनंतर पात्र किती उरले, हे विचारावे.

शिक्षकांची माहिती एआयसीटीईच्या नियमानुसार प्रसिद्ध करायच्या अनिवार्य प्रकटीकरणात असते. तिथे आपल्या शाखेतील प्राध्यापकांची नावे, पदव्या आणि रुजू झाल्याची वर्षे पाहावीत. एखाद्या शाखेतील बहुसंख्य शिक्षक गेल्या एकदोन वर्षांतच रुजू झालेले दिसले, तर जुने का गेले याची चौकशी करावी. माझ्या मते शिक्षक किती काळ टिकतात हा महाविद्यालयाचा दर्जा ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा निकष आहे, कारण ज्या ठिकाणी पगार वेळेवर होत नाहीत किंवा शिकवण्यापेक्षा प्रवेशासाठी मुले आणण्याचे काम जास्त असते, तिथून चांगला शिक्षक आधी बाहेर पडतो.

स्वायत्त आणि संलग्न हा फरकही समजून घ्यावा. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते. संलग्न महाविद्यालयात मुंबई, पुणे किंवा लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या विद्यापीठाची परीक्षा द्यावी लागते. चांगल्या महाविद्यालयाच्या हातात स्वायत्तता आली, तर अभ्यासक्रम उद्योगाबरोबर लवकर बदलतो. सामान्य महाविद्यालयाच्या हाती आल्यास केवळ निकाल सोपे होतात. म्हणून स्वायत्त आहे एवढ्यावर गुण देऊ नयेत.

दरवर्षी हमखास विचारला जाणारा प्रश्न इथेच येतो : नावाजलेल्या महाविद्यालयात स्थापत्य, यांत्रिकी किंवा धातुशास्त्र घ्यावे, की मध्यम महाविद्यालयात संगणक? विद्यार्थ्याला त्या शाखेची आवड नसली तरी किमान नावड नसेल, तर मी नावाजलेल्या महाविद्यालयाच्या बाजूने कौल देईन. तिथली सोबतची मुले, ग्रंथालय आणि माजी विद्यार्थी शाखेच्या भिंतीपलीकडे उपयोगी पडतात, आणि पुष्कळशा सॉफ्टवेअर कंपन्या सर्व शाखांच्या मुलांच्या मुलाखती घेतात. पण ज्याला त्या विषयाचा तिटकारा आहे, त्याने ‘पहिल्या वर्षानंतर शाखा बदलून घेऊ’ या भरवशावर जाऊ नये. शाखाबदल रिकाम्या जागांवर आणि पहिल्या वर्षाच्या गुणांवर अवलंबून असतो, आणि मागणी असलेल्या शाखेत रिकामी जागा क्वचितच उरते.

पाचवी पायरी : ठिकाणाचा खरा अर्थ

‘पुणे-मुंबईला गेले की संधी मिळतात’ हे विधान अर्धे खरे आहे. हिंजवडी, चाकण, रांजणगाव, तळेगाव यांच्या जवळ असल्याने पुण्यात शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप शिकता शिकता करता येते, आणि स्पर्धा, कार्यशाळा, मुलाखती यांना जाणे सोपे पडते. मुंबईत हीच सोय आहे, मात्र तिथली खोलीभाडी आणि लोकलमधले रोजचे दीडदोन तास हे दोन्ही जमेस धरावे लागतात. वसतिगृहाशिवाय मुंबईत शिकणे हे बाहेरगावच्या मध्यमवर्गीय घराला सर्वांत महाग पडते.

विधानाची दुसरी बाजू अशी की संधी शाखेप्रमाणे बदलतात. यांत्रिकी किंवा उत्पादन शाखेच्या मुलाला शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री आणि मशीन शॉप कोल्हापुरातच मिळतात. वाळूज आणि शेंद्रा छत्रपती संभाजीनगरला आहेत, सातपूर-अंबड नाशिकला, बुटीबोरी आणि मिहान नागपूरला. वस्त्र तंत्रज्ञान शिकायचे असेल तर इचलकरंजीच्या डीकेटीई महाविद्यालयाचे ठिकाण पुण्यापेक्षा सरस आहे, कारण गावभर माग चालतात. रासायनिक अभियांत्रिकीसाठी माटुंग्याची आयसीटी, १९३३ ची, आणि नागपूरची १९४२ ची एलआयटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थांची परंपरा आहे. संगणक शाखेच्या मुलासाठी मात्र मोठ्या शहराचा लाभ तिसऱ्या वर्षापासून सुरू होतो. पहिली दोन वर्षे तो कुठे राहतो याने फारसा फरक पडत नाही, आणि उन्हाळी सुट्टीत पुण्याला इंटर्नशिप करण्याचा खर्च चार वर्षे पुण्यात राहण्यापेक्षा कितीतरी कमी असतो.

यावरून माझा ढोबळ नियम असा आहे. जिल्ह्यातील किंवा विभागातील शासकीय वा अनुदानित महाविद्यालय आणि पुण्यातील मधल्या फळीतील खासगी महाविद्यालय यांत निवड करायची असेल, शाखा तीच असेल आणि पगाराच्या मध्यात मोठा फरक नसेल, तर केवळ शहरासाठी पाच-सहा लाख जास्त खर्चू नयेत. पगाराचा मध्य स्पष्टपणे वरचा असेल आणि तो तीन वर्षे सातत्याने तसा असेल, तर मात्र शहराचा खर्च भरून निघू शकतो.

सहावी पायरी : प्रत्यक्ष पाहून येणे

पहिल्या चारपाच पसंतीची महाविद्यालये स्वतः पाहावीत, आणि शक्य असेल तर प्रवेश मेळाव्याच्या दिवशी नव्हे, तर कामकाजाच्या दिवशी दुपारी. स्वागतकक्षापासून पुढे जाऊन आपल्या शाखेची प्रयोगशाळा दाखवायला सांगावी. लेथ मशीनवर ताजे किस पडलेले आहेत की यंत्रांवर आच्छादने घालून ठेवली आहेत, संगणकांपैकी किती चालू आहेत, भिंतीवरचे वेळापत्रक याच सत्राचे आहे का, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, हे डोळ्यांनी दिसते. वसतिगृहात पहिल्या वर्षाला किती जागा आणि त्या गुणवत्तेने देतात की अंतराने, हे विचारावे. घरून ये-जा करणाऱ्यांनी शेवटच्या एसटीची वेळ प्रात्यक्षिकांच्या सुटण्याच्या वेळेशी ताडून पाहावी.

बोलायचे ते पहिल्या वर्षाच्या नव्हे, तर शेवटच्या वर्षाच्या मुलांशी. परीक्षेचा निकाल किती दिवसांत लागतो, प्रकल्पाला मार्गदर्शक प्रत्यक्ष वेळ देतो का, तुमच्या वर्गातील किती जणांना कॅम्पसमधून नोकरी मिळाली आणि किती जणांनी बाहेरून शोधली, हे त्यांना ठाऊक असते, आणि महाविद्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर ती मुले सरळ बोलतात.

सातवी पायरी : पसंतीक्रम भरणे

आता जी यादी तयार झाली आहे ती स्वतःच्या पसंतीच्या क्रमाने लिहावी, कटऑफच्या क्रमाने नव्हे. वरच्या महाविद्यालयाचे नाव आधी लिहिल्याने खालचे महाविद्यालय हातचे जात नाही. संगणकप्रणाली तुमच्या गुणवत्ता क्रमांकाला यादीतील मिळू शकणारा सर्वांत वरचा पर्याय देते. थोडे आवाक्याबाहेरचे पर्याय वर, खात्रीचे मध्ये आणि निश्चित मिळतील असे काही तळाशी, अशी भरपूर लांब यादी असावी.

२०२५-२६ च्या प्रक्रियेत चार फेऱ्या होत्या आणि एक नियम महत्त्वाचा होता : पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, तर तो प्रवेश आपोआप निश्चित होत असे आणि पुढील फेरीत बदल मागता येत नसे. असा नियम असताना पहिल्या सहा जागांवर फक्त असेच पर्याय लिहावेत, जे मिळाल्यावर घरात कोणालाही हळहळ वाटणार नाही आणि ज्यांचा खर्च दुसऱ्या पायरीच्या कागदावर बसलेला आहे. नियम वर्षागणिक बदलतात, म्हणून यंदाची माहितीपुस्तिका आईवडिलांसह बसून पूर्ण वाचावी. सायबर कॅफेत दुसऱ्याच्या हातून अर्ज भरत असाल, तर निश्चित करण्याआधी प्रत्येक सांकेतिक क्रमांक आपल्या कागदावरून स्वतः ताडून पाहावा; एकाच संस्थेची दोन महाविद्यालये आणि मिळतीजुळती नावे यांत गफलत होते.

जागा मिळाल्यावर जागा स्वीकृती शुल्क ऑनलाइन भरून, मुदतीत महाविद्यालयात हजर होऊन मूळ कागदपत्रे दाखवावी लागतात. जात वैधता, नॉन-क्रीमीलेयर आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला यांपैकी एखादा अजून मिळाला नसेल, तर अर्ज केल्याची पावती जपून ठेवावी आणि मूळ दाखल्याची मुदत लिहून ठेवावी, कारण तो वेळेत आला नाही तर राखीव जागा जाऊन विद्यार्थी खुल्या प्रवर्गात टाकला जातो. दुसरीकडे प्रवेश मिळाल्यामुळे आधीचा रद्द करायचा असेल, तर तो ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत ऑनलाइन रद्द करावा. त्या तारखेपर्यंत किरकोळ प्रक्रिया शुल्क वजा होऊन बाकी रक्कम परत मिळते. महाडीबीटीचा अर्ज प्रवेशाच्या आठवड्यातच भरावा, आणि त्यासाठी आधार क्रमांक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या बँक खात्याला जोडलेला आहे का, हे बँकेत जाऊन आधीच तपासून घ्यावे.